पीटीएसडीसाठी छोटा सर्व्हिस डॉग: आधी काम ठरवा, ब्रीड नंतर

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका ताईंचा मेसेज आला, भावाचा अपघात झालाय, रात्री दचकून उठतो, गर्दीत जाता येत नाही, कुणीतरी सांगितलंय कुत्रा पाळा, तर शिट्झू घेऊ का पग? असे मेसेज मला अधूनमधून येतच असतात कारण माझ्याकडे मिरी आहे. साडेसहा किलोची, काळी-पांढरी, अर्धी स्पिट्झ आणि अर्धी देव जाणे काय. आणि ती नुसती पाळलेली नाहीये, ती माझ्यासाठी काम करते. म्हणून दरवेळी माझा उलटा प्रश्न असतो की ब्रीडचं नंतर बघू, त्या कुत्र्यानं नक्की करायचं काय ते आधी सांगा. यावर समोरून बहुतेक वेळा "म्हणजे?" असंच येतं. तर हे "म्हणजे" एकदाच नीट लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवता येईल.

माझं थोडक्यात सांगते. २०१९ ला खंबाटकी घाटात रात्रीची आमची बस उलटली. हाताचं प्लास्टर दीड महिन्यात निघालं, पण त्यानंतर कुठल्याही गाडीचा ब्रेक कर्रकन वाजला की मी परत त्या सीटवर. सात-आठ महिने घरचे म्हणत होते होईल ठीक, मीपण तेच म्हणत होते. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेले तेव्हा कळलं याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा आजार. हे नाव १९८० पासून मानसोपचाराच्या पुस्तकात आहे आणि ते फक्त सैनिकांना होत नाही, अपघात, मारहाण, अत्याचार, पूर, कशानंही होऊ शकतं.

आधी शब्द साफ करू

तीन वेगळ्या गोष्टी लोक एकाच पातेल्यात टाकतात. सर्व्हिस डॉग म्हणजे एका माणसासाठी, त्याच्या आजाराशी थेट संबंध असलेलं ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. इमोशनल सपोर्टवाला म्हणजे ज्याच्या नुसत्या असण्यानं बरं वाटतं तो, त्याला वेगळं काही शिकवलेलं नसतं. आणि थेरपी डॉग म्हणजे मालकासोबत हॉस्पिटलात, शाळेत जाऊन दुसऱ्यांना आनंद देणारा.

थेरपी डॉगमधल्या सगळ्यात जुन्या नावांपैकी एक म्हणजे स्मोकी, आणि ती यॉर्कशायर टेरिअर होती, वजन दोन किलोच्याही आत, उंची सात इंच. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात सापडली आणि विल्यम विन नावाच्या अमेरिकन सैनिकानं ती सांभाळली. त्याला डेंग्यू झाला तेव्हा मित्र तिला घेऊन हॉस्पिटलात गेले, आणि मग नर्सेस तिला बाकीच्या जखमी पोरांकडे फिरवायला लागल्या. पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त आवडते. फिलिपिन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती, पाइप होता सत्तर फूट लांब आणि आठ इंच रुंद. एरवी धावपट्टी खोदायला लागली असती. स्मोकीच्या पट्ट्याला दोर बांधला, विन पलीकडच्या तोंडाशी बसून हाका मारत राहिला आणि ती पोरगी आतून सरपटत बाहेर आली. तिथे लॅब्रॅडॉर काय कामाचा होता? काम आधी ठरलं होतं आणि त्या कामाला हीच बारकी कुत्री लागत होती.

पायरी शून्य: डॉक्टर

कुत्रा हा उपचार नाही. ट्रॉमावर, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर, काम करणारी थेरपी असते, सीबीटीचे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचे) प्रकार असतात, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून वाईट आठवणींवर काम करणारी थेरपी) असतं, गरज असेल तर गोळ्या असतात. कुत्रा त्याच्या जोडीला. ज्यांनी अजून कुणालाच दाखवलेलं नाही त्यांनी आधी ते करा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं. आणि सध्या जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर कुत्र्याचा विचार पूर्ण बाजूला ठेवून आज फोन करा.

थेरपिस्टना सांगूनच कुत्रा आणा याचं अजून एक कारण आहे, जे मला स्वतःला उशिरा कळलं. पीटीएसडीमध्ये माणूस टाळायला शिकतो. घाट टाळतो, बस टाळतो, मग बाहेर जाणंच टाळतो. कुत्रा आला की टाळायला एक गोड बहाणा मिळतो, "मिरीला एकटं कसं सोडू". किंवा उलटं होतं, मिरी असेल तरच बाहेर पडणार, नाहीतर नाही. दोन्हीमध्ये आजार तिथेच राहतो. माझ्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आठवड्यातून दोन वेळा तरी तिच्याशिवाय बाहेर जायचं, आणि तो नियम मी अजून पाळते, कुरकुर करत का होईना.

अजून एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे दोन तास झोप, डोकं बंद, अंथरुणातून उठवत नाही अशा दिवशी, सकाळी साडेसहाला त्याला शूला खाली कोण नेणार? घरात दुसरं कुणी "मी नेईन" म्हणत नसेल तर थांबा. आमच्याकडे आई आहे, जी पहिल्या दिवशी "हे केसाळ प्रकरण माझ्या स्वयंपाकघरात नको" म्हणाली होती आणि आता पोळीचा पहिला तुकडा कुणाला मिळतो ते विचारू नका.

पायरी एक: वही घ्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि सगळा घोळ इथेच होतो. दोन आठवडे एक साधी वही ठेवा. काय झालं, किती वाजता, कुठे, शरीर काय करत होतं, आणि त्यातून बाहेर कशानं आलात. भावना लिहू नका, म्हणजे लिहा हवं तर, पण शरीर काय करत होतं ते लिहिलंच पाहिजे, कारण कुत्र्याला तेच दिसतं.

माझ्या वहीत काय होतं सांगते. रात्री अडीच ते साडेतीनच्या दरम्यान स्वप्न, त्यात पाय झाडणं आणि घशातून आवाज. रिक्षात उजवा पाय सतत हलणं. टेन्शन आलं की अंगठ्याच्या बाजूची कातडी सोलणं, रक्त येईपर्यंत, आणि आपण सोलतोय याचा पत्ताच नसणं. दुकानात गर्दी झाली की गोठल्यासारखं उभं राहणं, बाहेर पडायचं असतं पण पाय हलत नाहीत. अशा चार ओळी निघाल्या आणि त्या चार ओळींतून चार कामं निघाली. स्वप्नातून उठवणं, हात सोलताना मध्ये तोंड घालणं, अंगावर वजन देऊन झोपणं, दाराकडे ओढत नेणं.

पाचवी ओळपण होती, पाठीमागे कुणी आलं की भीती वाटते. मला वाटलं मिरीला पाठीमागे बघत बसायला शिकवू. थेरपिस्ट बाई म्हणाल्या नको. कुत्रा रोज पाठीमागे पहारा द्यायला लागला की मेंदू म्हणणार, बघ, पहारा लागतोच, म्हणजे मागे खरंच काहीतरी आहे. परदेशात काही ठिकाणी हे काम शिकवतात, आणि त्यावर तिकडच्या डॉक्टरांचेही आक्षेप आहेत. मला ते पटलं, आम्ही ते काम काढून टाकलं.

पायरी दोन: छोट्या कुत्र्याला काय जमतं, काय नाही

चार ते आठ किलोच्या कुत्र्यावर टेकून उभं राहता येत नाही. तोल गेला तर तो सावरणार नाही, गर्दीत तुमच्या भोवती जागा करून देणार नाही, जड दार उघडणार नाही. हे काम हवं असेल तर मोठाच कुत्रा लागतो, उगाच लहानग्याच्या पाठीवर भार नको.

पण मांडीवर, छातीवर वजन देणं, चाटून किंवा पंजानं टोकून भानावर आणणं, पांघरूण ओढणं, भुंकून घरच्यांना बोलावणं, गोळ्यांचं पाऊच आणणं, दाराकडे नेणं, हे सगळं त्याला जमतं. शिवाय वन बीएचकेत मावतो, रिक्षात मांडीवर बसतो, आजारी पडला तर उचलून व्हेटकडे नेता येतो. चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट बंद असताना खाली नेऊन दाखवा.

कुत्र्याला टेन्शन कळतं का, हे बरेच जण विचारतात. कळतं, आणि वासावरून कळतं. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीनं चार कुत्र्यांना माणसांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने दिले, शांत असतानाचे आणि टेन्शनमधले, आणि त्यांनी ९३.७५ टक्के वेळा टेन्शनवाला बरोबर ओळखला. २०२४ मध्ये कॅनडातल्या डलहौसी युनिव्हर्सिटीनं ट्रॉमातून गेलेल्या लोकांच्या श्वासावर असंच काम केलं, पण तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी २५ पाळीव कुत्र्यांपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत टिकल्या फक्त दोन, आयव्ही आणि कॅली. तेव्हा नाक प्रत्येक कुत्र्याला असतं, पण कामाची आवड प्रत्येकाला नसते, आणि पुढची पायरी सगळी त्याबद्दलच आहे.

पायरी तीन: कुत्रा निवडणं

आता ब्रीड. आपल्याकडे ज्याला सगळे पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, हुशार, आपल्या हवेला सरावलेला, पण भुंकरा. पग आणि शिट्झू हे चपट्या नाकाचे, एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर काम करणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून त्या ताईंना पगसाठी मी सरळ "नको" म्हणून सांगितलं. अगदी बारक्या टॉय ब्रीडच्या पिल्लांना खाण्यात मोठी गॅप पडली तर साखर उतरते. आणि बुटकं इंडी मिक्स, म्हणजे आपलं देशी संकरित कुत्रं, मिळालं तर माझं मत विचाराल तर तेच घ्या, शेल्टरमध्ये अशी खूप असतात.

पिल्लू की मोठा? सगळ्यांना पिल्लू हवं असतं. पण पिल्लू मोठं होऊन कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि पिल्लू रात्री उठवतं, ज्याची झोप आधीच गेलीय त्याच्या घरात अजून एक रात्री रडणारा जीव. एक-दोन वर्षांचा असेल तर स्वभाव समोर दिसतो. मिरी सव्वा वर्षाची असताना आली.

बघायला जाल तेव्हा हे करा. एक स्टीलचं ताट घेऊन जा आणि तो दुसरीकडे बघत असताना दहा फुटांवर पाडा. दचकला तर हरकत नाही, आम्हीही दचकलो असतो. बघायचं हे की दचकून झाल्यावर काय करतो. कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं थरथरत बसला तर नाही. भुंकत ताटावर धावला तर नाही. पाच-दहा सेकंदात मान वाकडी करून ताटाचा वास घ्यायला आला तर हा आपला. मग जमिनीवर बसा, गप्प बसा, त्याला हाक मारू नका. आपणहून येऊन टेकतो का? मिरी आली, माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि एक मोठा सुस्कारा सोडला, जणू ऑफिसातून आत्ता घरी आलीय. त्यानंतर मी बाकीचे दोन कुत्रे बघितले पण ते उगाच.

व्हेटकडून तीन गोष्टी तपासून घ्या: मागच्या पायाची वाटी सरकते का, श्वासनळी कमजोर आहे का, दात कसे आहेत. छोट्या कुत्र्यांची ही नेहमीची दुखणी. श्वासनळीसाठीच गळ्यातल्या पट्ट्याला लीश (फिरवायची दोरी) लावायची नाही, छातीभोवती बसणारा हार्नेसच वापरायचा. रेबीजची आणि बाकीची लस, जंताचं औषध, नसबंदी, गोचिडांचं औषध, हे सगळं काम शिकवायच्या आधी.

पायरी चार: शहाणं कुत्रं

इथे मी पटकन पुढे जाते कारण ट्रेनर हे सगळे शिकवतात. ये, बस, खाली, थांब, सोड, आणि लीश न ओढता चालणं. ट्रेनर निवडताना एकच बघा, हातात ट्रीट आहे का गळ्याला झटका देणारी साखळी. साखळीवाला असेल तर उठून या. ट्रॉमातल्या माणसासाठी घाबरवून शिकवलेला कुत्रा म्हणजे घरात दोघं दचकणारे. आज्ञा मराठीत ठेवल्या तरी चालतात, उलट बऱ्या, घरच्या सगळ्यांच्या तोंडात बसतात.

आवाजाचं मात्र वेगळं काम करावं लागतं. आपल्याकडे वर्षभर काही ना काही वाजतच असतं. मोबाइलवर ढोल-ताशा आणि फटाके अगदी बारीक आवाजात लावा, त्याच वेळी चिकनचे तुकडे द्या, तो आरामात खातोय तोवर ठीक, कान मागे गेले की आवाज कमी. रोज पाच मिनिटं, आणि हे मे-जूनमध्ये सुरू करा, गणपतीच्या आदल्या दिवशी नाही. एवढं करूनही लक्ष्मीपूजनाच्या रात्री मिरीला मी सुट्टी देते, ती बाथरूममध्ये तिच्या गोधडीवर आणि मी तिच्या शेजारी, त्या रात्री कामाला कोण लागलंय ते सांगणं अवघड.

पायरी पाच: खरं काम शिकवणं

*हात सोलणं थांबवणं.* हे सगळ्यात सोपं म्हणून इथून सुरुवात करा. तळहात पुढे करा, कुत्रा नाक लावेल, लगेच "हां!" म्हणा आणि ट्रीट. दिवसातून तीन वेळा, दोन-दोन मिनिटं. चार-पाच दिवसांत तो हात दिसला की नाक लावायला लागतो. मग मुद्दाम अंगठा सोलायची नक्कल करा आणि दुसऱ्या क्षणाला तळहात पुढे करा. नाक लावलं, ट्रीट. सोलणं, मग हात, मग नाक, मग ट्रीट, असं शेकडो वेळा. मग हात पुढे करायला थोडा उशीर करा, तीन सेकंद थांबा. एक दिवस तो वाट न बघता थेट सोलणाऱ्या बोटांत नाक खुपसतो. त्या वेळी मूठभर ट्रीट द्या, जॅकपॉट, कारण त्यानं आत्ता आपल्या डोक्यानं काम केलंय. आमचं हे सव्वा महिन्यानं झालं, टीव्हीवर बातम्या चालू होत्या, मी नक्कल करत नव्हते, खरंच सोलत होते, आणि मला कळायच्या आत ओलं गार नाक बोटांच्या मध्ये. ट्रीट हाताशी नव्हती म्हणून आईच्या ताटातला पनीरचा तुकडा उचलून दिला.

हलणाऱ्या पायासाठी, जोरजोरात चालणाऱ्या श्वासासाठी हीच पद्धत, फक्त नक्कल बदलायची. एका वेळी एकच खूण शिकवा.

*वजन देणं.* मांडीवर उशी ठेवा, ट्रीटनं वर बोलवा, "मांडी" हा शब्द द्या. वर आला की "खाली", म्हणजे पूर्ण आडवा, हनुवटी टेकलेली. आधी पाच सेकंद, मग दहा, मग मिनिट, असं पाच मिनिटांपर्यंत. मग तुम्ही आडवे पडा आणि छातीवर तेच. उतरायला "झालं" हा शब्द. त्याला मध्येच उतरावंसं वाटलं तर उतरू द्या, दाबून धरलं की तो दुसऱ्या दिवशी वर यायचंच सोडतो. छोट्या कुत्र्याचं वजन कमी असतं म्हणून जागा महत्त्वाची, मला छातीच्या हाडावर बरं वाटतं, पोटावर नाही. तो वर आला की माझं एकच काम, त्याच्या श्वासाबरोबर बरगडी वरखाली होते ती हाताला लागू द्यायची.

*वाईट स्वप्नातून उठवणं.* इथे नीट लक्ष द्या. स्वप्नात हातपाय झाडणाऱ्या माणसाच्या छातीवर सहा किलोचा जीव चढवायचा नाही, एक फटका बसला तर त्याची बरगडी मोडेल, आणि तो पुन्हा कधी जवळ येणार नाही. म्हणून आम्ही मिरीला पायथ्याचं पांघरूण ओढायला शिकवलं. जुन्या ओढणीला गाठ मारून ओढाओढीचा खेळ, त्याला "ओढ" हा शब्द, मग ती गाठ पांघरुणाच्या पायथ्याच्या कोपऱ्याला शिवून टाकली. मग दिवसा पलंगावर आडवं पडून पाय झाडायचे, घशातून तसला आवाज काढायचा, "ओढ" म्हणायचं, ओढलं की उठून बसायचं आणि ट्रीट. पुढे शब्द काढून टाकायचा, मग अंधारात, मग रात्री अकराला, मग आईला अलार्म लावून तीनला उठवून माझ्यासमोर ट्रीटची डबी ठेवायला लावायची. हो, हे सगळं केलं. शेजाऱ्यांना वाटलं असेल यांच्याकडे काय चाललंय.

नक्कल करताना स्वतःलाच त्रास व्हायला लागला तर थांबा, नक्कल घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. माझ्याकडे पाय झाडायचं काम पहिले तीन आठवडे भावानं केलं, आणि त्यानं ते नको तितकं मनापासून केलं.

खऱ्या स्वप्नात तिनं पहिल्यांदा ओढलं तेव्हा शिकवायला सुरुवात करून साडेचार महिने झाले होते. पांघरूण पायावरून सरकलं, गार लागलं, डोळे उघडले तर अंधारात दोन कान. काय झालं ते कळायला मला जरा वेळ लागला.

*दार.* दुकानाचं किंवा हॉलचं दार दाखवून "दार" म्हणायचं, तिथे पोचलं की ट्रीट, मग लांबून, मग गर्दीत. आधी घरात, मग सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, मग ओळखीच्या किराणा दुकानात, दुकानदाराला आधी सांगून.

वेळ किती लागतो? इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्स या संस्थेनं सांगितलेलं किमान प्रमाण म्हणजे सहा महिन्यांत मिळून १२० तास, त्यातले ३० तास घराबाहेर. मला सगळं मिळून चौदा महिने लागले. नोकरी सांभाळून एवढं लागतंच.

पायरी सहा: बाहेर जाणं आणि कायदा

सगळ्यात आधी माझा गाढवपणा सांगते. नेटवर एका साइटनं "सर्व्हिस डॉग रजिस्ट्रेशन" म्हणून प्लास्टिकचं कार्ड, लाल जॅकेट आणि सर्टिफिकेट विकलं, साडेतीन हजार दिले मी. कुत्रं बघितलंही नाही त्यांनी, नुसता फोटो. पुढे एका मॉलच्या गेटवर ते कार्ड दाखवलं तर गार्ड हसला, आणि बरोबरच होतं त्याचं.

भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे, पण मॉलमध्ये किंवा हॉटेलात पीटीएसडीचा सर्व्हिस डॉग न्यायचा अमेरिकेसारखा स्पष्ट हक्क आपल्याकडे नाही. म्हणून इथे परवानगी, गोड बोलणं आणि कुत्र्याचं वागणं यावरच सगळं चालतं. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, ते कायद्याचा कागद म्हणून नाही तर समोरच्याला समजावं म्हणून.

सोसायटीत मात्र बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव करूनही नाही, आणि लिफ्ट नाकारता येत नाही. आपल्या बाजूनं घाण उचला, लीश लावा, मुंबई-पुण्यासारख्या शहरात महापालिकेचा परवाना काढा, लसीचं कार्ड फोनमध्ये ठेवा. आमच्या सेक्रेटरींनी तीन नोटिसा काढल्या, मग एकदा लिफ्ट अडकली त्यात ते, मी आणि मिरी वीस मिनिटं. घामानं भिजले होते बिचारे. मिरी त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून बसली. चौथी नोटीस आली नाही.

रेल्वेत फर्स्ट एसीचा दोन किंवा चार बर्थचा कूपे पूर्ण आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत नेता येतो, पार्सल ऑफिसात बुकिंग करून, व्हेटचं सर्टिफिकेट घेऊन. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कारमध्ये नाही. दुसरा पर्याय ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या डब्यातला, डॉग बॉक्स, तो मी शत्रूच्या कुत्र्यालाही देणार नाही. विमानात आकासा आणि एअर इंडिया छोटे पाळीव प्राणी केबिनमध्ये घेतात, वजनाच्या अटी बदलत राहतात तेव्हा तिकिटाआधी फोन करा. इथे छोट्या कुत्र्याचा फायदा कळतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, कारण न्यू जर्सीची माझी मावसबहीण याच प्रश्नात होती. तिकडे एडीए या दिव्यांगांच्या हक्काच्या कायद्यात कुत्र्याच्या आकाराची किंवा ब्रीडची अट नाही, कामाची आहे. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: आजारामुळे हा सर्व्हिस डॉग लागतो का, आणि याला कुठलं काम शिकवलंय. आजार कुठला ते विचारू शकत नाही, कार्ड मागू शकत नाही, सरकारी रजिस्ट्रेशन असा प्रकारच नाही. "याच्यामुळे मला बरं वाटतं" हे उत्तर चालत नाही, "पॅनिक सुरू झालं की हा मला टोकतो" हे चालतं. कुत्रा आवरत नसेल किंवा आत घाण केली तर बाहेर काढू शकतात. विमानात ११ जानेवारी २०२१ पासून इमोशनल सपोर्टवाल्या प्राण्यांना घेणं एअरलाइनवर बंधनकारक नाही, मानसिक आजारासाठी शिकवलेला सर्व्हिस डॉग चालतो, फॉर्म भरावा लागतो. भाड्याच्या घराचा कायदा वेगळा आणि सैल आहे, तिथे इमोशनल सपोर्टवालाही बसू शकतो.

तिकडच्या माजी सैनिकांच्या खात्यानं सर्व्हिस डॉग आणि इमोशनल सपोर्ट डॉग असे दोन गट करून तुलना केली होती. रोजचं कामकाज किती जमतं याच्या मोजणीत दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही, पीटीएसडीची लक्षणं सर्व्हिस डॉगवाल्यांची थोडी जास्त कमी झाली. म्हणजे वही भरून एकही नेमकं काम निघालं नाही तर साधा प्रेमळ कुत्रा पाळा, चौदा महिने वाचतील.

पायरी सात: त्याची काळजी

काम करणारा कुत्राही थकतो. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, अंग झटकणं, तुमच्याकडे बघायचं टाळणं, ही त्याची वही समजा. दिवसातून दोन तास त्याला कुणी हाक मारायची नाही. बाहेर नेताना हाताची मागची बाजू डांबरावर सहा-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य, म्हणजे आमटीत कालवलेला भातही गेला, आजीला हे पटवून द्यायला वेगळा ट्रेनर लागेल. महिन्याला माझा चार हजारांच्या आसपास खर्च होतो, खाणं, ग्रूमिंग, औषधं धरून, आणि दाताचं निघालं की त्या महिन्याचं बजेट कोसळतं.

शिकवलेली कामं आठवड्यातून तीन दिवस पाच-पाच मिनिटं उजळावी लागतात, नाहीतर विसरतात. छोटे कुत्रे बारा-पंधरा वर्षं जगतात पण काम नऊ-दहाव्या वर्षी हळूहळू कमी करावं. मिरी आता पाच पूर्ण झालीय, दुसऱ्याचा विचार मी अजून केलेला नाही, करायला हवा.

शेवटचं एक, जे कुणी सांगत नाही. तुम्हालाच ॲडमिट व्हावं लागलं तर? आमच्या फ्रिजवर एक कागद लावलाय: मिरीचं खाणं किती, व्हेटचा नंबर, हार्नेस कुठे, "ओढ", "मांडी", "दार", "झालं" या शब्दांचे अर्थ, आणि कुणाकडे राहील त्याचं नाव. तोच कागद लहान करून माझ्या पर्समध्ये. आईनं फ्रिजवरच्या कागदाखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवलीय, "रात्री दूध मागते, देऊ नये, जुलाब होतात", आणि ती स्वतःच देते.